दुसरीच्या वर्गातला स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा घंटा झाली की कान झाकून बाकाखाली बसतो. शिक्षकाने काय करावं?

सगळ्यात आधी, त्याला ओढून बाहेर काढू नका. हा हट्ट नाही. अनेक स्वमग्न मुलांना आवाज फार तीव्र जाणवतो, अचानक आला तर जास्तच. घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला हळूच सांगा, जागा घंटेपासून लांब द्या. घरून कानावरचे हेडफोन आणले तर वापरू द्या.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्या बाकावर चिकटवा: प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर. एकेक झालं की त्यालाच फुली मारू द्या. पुढे काय होणार हे कळलं की घालमेल बरीच कमी होते. खेळाचा तास रद्द झाला तर चित्र त्याच्या देखतच बदला, आधीच.

सूचना एका वेळी एकच: "वही काढ." मग थांबा, त्याला वेळ लागतो. "माझ्याकडे बघ" हा आग्रह तर सोडूनच द्या. नजर न मिळवताही तो ऐकत असतो.

मुख्याध्यापक कुरकुरले तर सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. या सोयी म्हणजे मेहरबानी नाही, त्याचा हक्क आहे.