औषध नाही, नुसतं थांबा म्हणजे काय?

हा प्रश्न मला किडनी ओपीडीत सारखा ऐकायला मिळतो. मागे एक जोडपं आलेलं, तो पन्नाशीचा, एकदम गप्प, बोलत होत्या त्या ताईच. निदान मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, म्हणजे आपल्याच शरीराच्या अँटीबॉडीज किडनीच्या गाळणीवर जाऊन बसतात आणि लघवीतून प्रोटीन गळायला लागतं. ताई भडकलेल्या, एक तर बायोप्सी न करता नुसत्या रक्तावरून निदान केलं, आणि वर म्हणे सहा महिने बघू. "आशा सोडलीय का यांनी?"

बायोप्सीचं सांगणं सोपं होतं. या आजारातली पीएलएटूआर नावाची अँटीबॉडी 2009 मध्ये सापडली, ती रक्तात दिसली आणि किडनीचं काम नीट असेल तर बऱ्याचदा सुई घालायची गरजच पडत नाही. थांबायचं मात्र गळी उतरवायला वेळ लागला. साधारण तीनातले एक जण आपोआप बरे होतात, मग इम्युनिटी दाबणारी औषधं सरसकट कशाला द्यायची, त्यांचेही धोके आहेतच ना. आणि थांबायचं म्हणजे काहीच नाही असं नाही, प्रोटीनची गळती कमी करणारी बीपीची गोळी चालू, मीठ कमी, आणि एकाच पायाला सूज येऊन दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण यात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

तेवढ्यात त्याने मोबाईल पुढे केला. रोज सकाळच्या लघवीच्या फेसाचे फोटो, चाळीसेक तरी असतील, ताईंना पत्ताच नव्हता! मी म्हटलं फेस सोडा, तो धारेवर पण असतो, त्यापेक्षा सूज कळायला सकाळचं वजन लिहा आणि संध्याकाळी मोज्याचा वळ किती खोल उमटतो ते बघा.

तीन महिन्यांनी अँटीबॉडी निम्म्यावर, प्रोटीन मात्र तेवढंच. डॉक्टर खूश, हे दोघं हिरमुसलेले. आधी अँटीबॉडी उतरते, गळती थांबायला पुढे कित्येक महिने लागतात, हे परत समजावलं. अँटीबॉडी वाढली असती तर रिटुक्सिमॅब या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधाचा विचार होता, 2019 च्या मेंटॉर ट्रायलमध्ये दोन वर्षांनी त्यावरचे 60 टक्के पेशंट रेमिशनमध्ये होते, म्हणजे आजार शांत झालेला, सायक्लोस्पोरिन या दुसऱ्या औषधावरचे फक्त 20 टक्के.

सहाव्या महिन्यात रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून गळणारं तेच प्रोटीन, वर आलं. फोटो थांबले का विचारलं तर पहिल्यांदा हसला, "आठवड्यातून एकच काढतो."