निम्म्यात थांबणारी खुर्ची

‘बोलले तर कटकटी ठरते, गप्प बसले तर झोप लागत नाही. मॅडम, मी उगाच घाबरते का?’ जोखमीच्या कामातली बरीच माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. त्यातली एक हकिकत त्या बाईंच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते. त्यात माझीही एक चूक आहे.

बाई विमानात केबिन क्रू. नोकरीला अकरा वर्षं झालेली. ड्यूटीच्या आदल्या रात्री छातीत धडधड, तीन-तीनदा जाग. सहकाऱ्यांनी ‘तपासनीस’ नाव पाडलेलं. मी ऐकून घेतलं, कामाचा ताण असं मनाशी ठरवलं आणि श्वसनाचे व्यायाम दिले. दोन भेटी त्यातच गेल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तिसऱ्या भेटीत मी एकदाचं विचारलं, ‘नेमकं काय बिघडलंय विमानात?’

त्यांनी तळहात टेबलावर आडवा ठेवला. ‘ही आमची जंप सीट, क्रूने बसायची घडीची खुर्ची. दाराला लागून असते. मी उठले की ती आपोआप अशी मिटायला हवी,’ म्हणून हात झटकन उभा केला. ‘आमची इथे थांबते.’ हात निम्म्यात तिरका राहिला. ‘अंधारात, धुरात माणसं या दाराकडे धावणार. पहिल्याच्या गुडघ्याला ही लागणार.’

मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मे दरवाजे बंद धरून सगळ्यांना 90 सेकंदांत बाहेर काढता येतं, हे दाखवावं लागतं. बाईंच्या अंगात ते 90 सेकंद भिनलेले होते. त्यांची भीती आजार नव्हती, ती त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग होती. मी मात्र तिलाच शांत करायला निघाले होते.

मग विचारलं, ‘हे लिहून कुठे दिलंय?’ तर लिहिलं नव्हतं. सीनियरला तोंडी सांगितलं होतं, दोनदा. ‘आत्ता विमानाच्या नोंदवहीत लिहिलंस तर इंजिनिअर येणार, उशीर होणार, नाव आपलं लागणार,’ असं उत्तर मिळालं होतं. त्याआधी एका बिघाडाची नोंद त्यांनी केली होती. तो आठवडाभर तसाच दिसला, तेव्हा लिहून काही होत नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.

इथे मात्र गुंता होता. काही बिघाड असतानाही विमान उडवायला नियमानेच मुभा असते. कुठल्या बिघाडासह, कोणत्या अटींवर, किती दिवस, याची यादी असते. काहींची दुरुस्ती 3 दिवसांत, काहींची 10 दिवसांत करावी लागते, काहींना तर 120 दिवस मिळतात. म्हणजे रीतसर लांबणीवर टाकलेला बिघाड आणि कुणीच न पाहिलेला बिघाड केबिनमधून सारखेच दिसतात. हे मला बाईंनीच समजावलं आणि सांगता सांगता स्वतःच थांबल्या. ‘तो आधीचा कदाचित लांबणीवर टाकलेला असेल. मी विचारलंच नाही.’ पण खुर्चीची तर नोंदच नव्हती. बिघडलेली जंप सीट मिटलेल्या स्थितीत पक्की बांधायची आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही, अशी अट असते. नोंद नाही म्हणून ती अट कुणी पाळतही नव्हतं.

गप्प राहण्याचं ओझं काय असतं, याचं उदाहरण त्यांनीच काढलं. 10 मार्च 1989, कॅनडातलं ड्रायडन. उड्डाणाआधी पंखांवर बर्फ साचलेला केबिन क्रूमधल्या एकीला दिसला होता. अशी माहिती वैमानिकांना रुचत नाही, या समजापायी ती बोलली नाही. विमान कोसळलं, 69 पैकी 24 जण गेले. ‘आम्हाला हे शिकवतात,’ बाई म्हणाल्या, ‘आणि मग उशीर होईल म्हणून गप्प बसायला सांगतात.’

त्या दिवशी आम्ही मनाबद्दल फार बोललोच नाही. नोंद कशी लिहायची, ते पाहिलं. त्यांचा पहिला मसुदा असा: ‘सीट अत्यंत धोकादायक आहे, आधीही सांगूनही दुर्लक्ष झाले.’ यात राग दिसतो, बिघाड दिसत नाही. दुसरा: ‘मागच्या डाव्या दाराजवळची क्रू सीट. उठल्यावर पूर्ण मिटत नाही, निम्म्यात थांबते. तीनदा तपासली, तिन्ही वेळा तेच.’ इंजिनिअरला हात घालायला जागा मिळाली.

सूड कुणी घेणारच नाही, अशी हमी मी दिली नाही. देणं खोटेपणाचं झालं असतं. नाव गुप्त ठेवून कळवण्याच्या सोयी या क्षेत्रात आहेत, अमेरिकेत तर नासा अशी व्यवस्था 1976 पासून चालवते. पण ड्यूटी चार्ट लावणारा माणूस शेवटी ओळखीचाच असतो. म्हणून नोंदीची तारीख आणि क्रमांक स्वतःजवळ ठेवायचा, सीनियरला आधी सांगून मगच लिहायचं आणि कंपनीच्या सुरक्षा विभागाकडेही कळवायचं, एवढं ठरलं.

नोंद केल्यावर उड्डाणाला उशीर झाला. सीनियर चार दिवस धड बोलल्या नाहीत. खुर्चीची स्प्रिंग बदलली. ‘तपासनीस’ हे नाव तसंच आहे.

झोप बरीच सुधारली, पण पहाटेच्या फ्लाइटआधी अजून एकदा जाग येते म्हणतात. त्यासाठी श्वसनाचे व्यायाम आम्ही पुन्हा काढलेत. आता ते लागू पडतील, असा माझा अंदाज आहे.