पोट बिघडलेल्या दिवसांसाठी

तुमचे सीलिअॅकचे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान नुकतेच झाले आहे म्हणून सर्वप्रथम हे सांगतो की, सीलिअॅक असताना पोट दुखले तरी हिंगाचे पाणी घेऊ नका, कारण बाजारातील पुष्कळशा हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चुकून ग्लुटेन पोटात गेलेच, तर तांदळाची पातळ पेज, गरम पाण्याची पिशवी आणि विश्रांती यांचाच आधार असतो. जुलाब होत असल्यास ओआरएस घ्यावे. दूध काही काळ कदाचित सोसणार नाही, कारण लहान आतड्याचे अस्तर दुखावल्याने दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज कमी पडते. अस्तर भरून आले की बहुधा पुन्हा सोसते.

आपल्या नाशकात नागली, म्हणजे मुळात ग्लुटेन नसलेली नाचणी, सहज मिळते, पण मला तिच्याच भाकरीने कित्येक महिने त्रास झाला, कारण गिरणीत ती गव्हानंतर त्याच जात्यावर दळली जात होती. घरगुती चक्की घेतली, तिच्यात गहू कधीच घातला नाही, तेव्हा पोट शांत झाले. हा खर्च मला औषधाइतकाच आवश्यक वाटतो. मिसळीचा पाव सोडला तरी फरसाण आणि रश्शातील हिंगाची चौकशी करावीच.

शौचातून रक्त जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.