मांजराचं पोट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा चार किलोचा, नसबंदी झालेला बोका घराबाहेर जात नाही. खाणं फक्त ड्राय फूड. कालपासून तो सारखा लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठीच्या वाळूच्या पेटीत) बसून कुंथतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल द्यावं का? (ठाणे)

उत्तर : एरंडेल राहू द्या. आधी त्याला लघवी होते आहे का, ते पाहा. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडा किंवा चिकट बूच अडकलं की तो शौचाला बसल्यासारखाच कुंथतो आणि घरच्यांची हमखास फसगत होते. लिटरमध्ये, म्हणजे त्या वाळूत, लघवीने झालेले ओले गोळे नसतील, बोका शेपटीखाली सारखा चाटत किंवा ओरडत असेल, तर रात्र असली तरी पशुवैद्याकडे न्या. लघवी पूर्ण तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

लघवी साफ होत असेल आणि शीच अडली असेल, तरी एकदा पोट तपासून घ्या. पुढचं काम मात्र घरचं आहे, आणि ते मुख्यतः पाण्याचं आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. शिकारीतूनच पाणी मिळवणारे. त्यामुळे ते आपणहून फारसं पाणी पीत नाही. चार किलोच्या मांजराला अन्नासकट दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ५० ग्रॅम ड्राय फूडमधून जेमतेम ५ मिली मिळतं, तर ८५ ग्रॅमच्या वेट फूडच्या पाऊचमधून ६५ मिलीच्या आसपास. म्हणून एक वेळचं तरी जेवण ओलं करा आणि त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. पाण्याचं भांडं पसरट हवं, लिटर बॉक्सपासून लांब हवं.

जोडीला उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, एक-दोन छोटे चमचे. इसबगोल द्यायचं तर पाव छोटा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून ओल्या अन्नात. कोरडं दिलं तर आतड्यातलं पाणी शोषून शी आणखी घट्ट होते. दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. माणसांचा फॉस्फेटवाला एनिमा मांजराला मारू शकतो. आणि लिक्विड पॅराफिन (शी सैल करणारं तेलकट औषध) तोंडात बळेच ओतलं तर ते फुप्फुसात उतरतं.

प्रश्न : आमचं घर शाकाहारी. मांजरी दूध-पोळी, दहीभात आवडीने खाते. पण शी कायम पातळ. (पुणे)

उत्तर : दूध बंद करा, बऱ्याचदा आठवड्यात फरक दिसतो. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांत दुग्धशर्करा पचवणारं विकर घटत जातं. पण खरी अडचण वेगळीच आहे. मांजराला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते धान्य-डाळींत नसतं. ते महिनोन्‌महिने मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं तयार मांजरखाद्य आणा. ‘ट्रीट’ (खाऊ) किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ (पूरक) लिहिलेलं रोजचं जेवण नव्हे.

प्रश्न : मग नुसतं उकडलेलं चिकन चालेल ना? (नाशिक)

उत्तर : पोट बिघडलं असताना दोन-तीन दिवस, हाडं काढून, मीठ-हळद-कांदा-लसूण न घालता, उत्तम. रोज नको. चिकनमध्ये फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम पंधरा-वीस पटींनी कमी असतं. वाढत्या पिल्लाचं शरीर मग ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. पिल्लू लंगडतं, साध्या उडीत हाड मोडतं. चिकन उकडलेलं पाणीही ओतून देऊ नका, टॉरिनचा बराच भाग त्यात उतरतो.

प्रश्न : महिन्यातून एकदा केसांचा गोळा उलटीतून पडतो. औषध हवं का? (डोंबिवली)

उत्तर : नको. रोज पाच मिनिटं विंचरा. आठवड्याला गोळे पडू लागले, वजन घटलं किंवा नुसत्याच ओकाऱ्या येत राहिल्या तर दाखवा. केसांपेक्षा दोऱ्याला भ्या : शिवणाचा दोरा, राखीची रेशीम, मांजा. दोरा जिभेखाली किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढू नका; आतडं करवतीसारखं कापलं जातं.

प्रश्न : खाद्याचा ब्रँड बदलला आणि जुलाब लागले. जुन्यावर परत आणलं, आता ते नवं तोंडात घेत नाही. भूक लागली की खाईलच ना? (कोल्हापूर)

उत्तर : कुत्रं कदाचित खाईल. मांजर हट्टाने उपाशी राहतं, आणि लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. जुलाब पूर्ण थांबल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकूण आठ-दहा दिवस. शी पातळ झाली की आधीच्या पायरीवर या. वेट फूड फ्रिजमधून थेट देऊ नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. वास सुटला की नकार बहुधा मावळतो.