फनफेअरमधल्या पाळण्याची दांडी उघडली, आता सही मागतात

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राहतो. सुट्टीत शहरातल्या एका मैदानावर लागलेल्या फनफेअरमध्ये माझी १३ वर्षांची मुलगी ‘कोलंबस’मध्ये, म्हणजे जहाजाच्या आकाराच्या मोठ्या झोक्यात, बसली होती. झोका वर गेला आणि मांडीवरची दांडी उघडली. ती पुढच्या बाकावर आपटली. डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडली, प्लेट घालावी लागली. पोलिसांनी नुसता अर्ज घेतला. आयोजक म्हणतात, तिकिटावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलंय आणि दांडी तिनंच उघडली. २५ हजार रोख देतो म्हणतात, पण ‘आमची काही तक्रार नाही’ अशी स्टँप पेपरवर सही हवी. चार दिवसांत फेअर उठणार आहे. काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि हे चार दिवस कोर्टाच्या विचारात घालवू नका, त्या यंत्राच्या मागे लागा. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ती दांडी आणि तिचं लॉक. फेअर उठलं की ते सुटं होऊन ट्रकमध्ये चढेल, पुढच्या गावात वेल्डिंग होईल, रंग लागेल. मग दांडी कशी उघडली हे कुणालाच दाखवता येणार नाही. नुकसानभरपाईचा अर्ज सहा महिन्यांनीही करता येतो, पंचनामा मात्र तेव्हा होत नाही.

आजच पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि पोच घ्या. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ‘गंभीर दुखापत’ आहे. निष्काळजीपणानं अशी दुखापत केल्यास कलम १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यंत्राबाबतच्या हयगयीसाठी कलम २८९ वेगळं आहे. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे नुसता अर्ज ठेवून घेणं पुरेसं नाही. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, आणि तुमच्या बाबतीत तेच कारण पुढे येऊ शकतं. १४ दिवसांत फेअर केव्हाच निघून गेलेलं असेल. म्हणून फिर्यादीत स्पष्ट लिहा : ‘यंत्र उठण्यापूर्वी पंचनामा करावा, त्या बाकाची दांडी व लॉक जप्त करावं.’ जप्तीचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिसांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १०६ मध्ये आहे आणि जप्तीचं चित्रीकरण करणं कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच फिर्याद स्पीड पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, याच संहितेचं कलम १७३(४) त्यासाठीच आहे. सीपीआरमध्ये (सरकारी रुग्णालयात) किंवा खासगी दवाखान्यात जिथं नेलं असेल तिथली एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची, नोंद, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

आता ‘दांडी तिनंच उघडली’ या उत्तराकडे येतो, कारण पुढच्या सगळ्या लढाईत तुमच्यासमोर हेच येणार आहे. क्षणभर धरून चालू की तिचा हात लागला. पण झोका चालू असताना बसलेल्या पोरीच्या हातानं उघडते अशी दांडी मुळात बसवलीच कशी? कोलंबसच्या टोकाच्या बाकांवर झोका माथ्याला पोचला की अंग हलकं होतं, सीटवरून उचललं जातं. अंग असं उचललं जाणाऱ्या राइडच्या दांड्यांचे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकांत ठरलेले आहेत. अमेरिकेचं एएसटीएम एफ २२९१ हे त्यातलं एक. वरच्या वर्गातलं लॉक फक्त ऑपरेटरनं उघडायचं असतं, आणि एक लॉक निकामी झालं तरी दुसऱ्यानं धरून ठेवलं पाहिजे. हे मानक आपल्याकडे कायदा म्हणून लागू नाही. पण योग्य काळजी म्हणजे काय, हे ग्राहक आयोगासमोर दाखवायला ते उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट, बाकावर तिच्या शेजारी कोण होतं ते आठवा. एका बाकाला एकच सलग दांडी असेल तर ती सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर अडते. शेजारच्या सडपातळ पोरीच्या मांडीवर चांगली वीतभर फट राहते आणि ती दांडीखालून निसटू शकते. लॉक सायकलच्या फ्रीव्हीलसारखं दात्यांचं असेल तर दाते झिजलेत का, खिटीचा (दात्यात अडकणाऱ्या तुकड्याचा) स्प्रिंग सैल आहे का, खिटीऐवजी तार बांधली होती का, हे सगळं पंचनाम्यात यायला हवं. उंचीची मर्यादा सांगणारा फलक होता का, रोजच्या तपासणीचं रजिस्टर आहे का, निघण्याआधी कुणी प्रत्येक दांडी ओढून पाहिली का, हेही. अमेरिकेत ओर्लँडोला मार्च २०२२ मध्ये १४ वर्षांचा मुलगा उंच टॉवरच्या राइडवरून पडून मरण पावला. त्याच्या सीटचा सेन्सर हातानं बदललेला होता आणि सीट आणि दांडीमधली फट मोठी असूनही दिवा ‘सुरक्षित’ दाखवत होता, असं तपासणीत निघालं. म्हणून ‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे’ असं कुणी म्हणालं तरी लॉक तपासून घ्याच.

व्हिडिओ काढणारे, शेजारच्या बाकावरचे लोक आजच शोधा. नाव, नंबर घ्या.

तिकिटावरच्या ओळीला घाबरू नका. हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेल्याच्या ताज महाल हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं, की ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही. गाडीसाठी जर हे तत्त्व असेल तर लेकराच्या हाडांसाठी ते जास्त जोरानं मांडता येतं. आणि असं यंत्र सरळ चालवलं तर दांडी आपोआप उघडत नसते. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळल्याच्या खटल्यात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटनेवरूनच हयगय गृहीत धरली होती. तोच युक्तिवाद इथंही करता येईल, म्हणजे खुलासा आयोजकानं द्यायचा.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत करमणूक आहेच. तिकीट तुम्ही काढलं आणि बसली मुलगी, तरी ती ग्राहक आहे, आणि ती अज्ञान (१८ वर्षांखालची) असल्यानं पालक म्हणून तुम्ही तक्रार करू शकता. तिकिटाला दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला फी नाही. आयोजक परराज्यातला असला तरी तुम्ही राहता त्या कोल्हापुरातच तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. तिकीट हरवलं असेल तर यूपीआयची नोंद चालेल.

महापालिका किंवा पोलिसांनाच मुख्य प्रतिवादी करण्याचा मोह टाळा. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहातल्या आगीच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईचा बोजा मालक आणि वीज मंडळावर टाकला, परवाना देणाऱ्यांवर नाही. मात्र परवान्याची कागदं जरूर काढा. फक्त राइडच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, म्हणूनच ही कागदं महत्त्वाची. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालचा परवाना, यंत्राचं तंदुरुस्ती प्रमाणपत्र दिलं असेल तर ते, विमा घ्यायची अट होती का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारा. विमा निघाला तर वसुली खूप सोपी होते.

आणि ते २५ हजार? उपचाराच्या गरजेला घ्यायचे असतील तर बँकेत किंवा यूपीआयवर घ्या आणि पावतीवर ‘उपचार खर्चापोटी, इतर हक्क राखून’ एवढंच लिहा. अज्ञान मुलीच्या वतीनं दाव्यात तडजोड करायची तर दिवाणी कोर्टालाही आधी परवानगी द्यावी लागते. तुमच्याकडे घरी येऊन घाईनं सही मागणाऱ्याला हे सांगा. रक्कम ठरवण्याआधी तिच्या सर्जनकडून दोन गोष्टी लेखी घ्या : प्लेट काढायच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च, आणि हाताला किती टक्के कायमचा अधूपणा राहील.