वाचकांचे प्रश्न : बारावी ते पदवीचं पहिलं सत्र

बारावीची परीक्षा जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतला सूर बदलतो. अभ्यासाच्या शंका मागे पडतात आणि दाखले, पसंतीक्रम, वसतिगृह असले विषय येऊ लागतात. ते आधीच यायला हवेत. गुण निकालाच्या दिवशी कळतात, पण प्रवेशाला लागणारे काही कागद मिळायला महिने लागतात. म्हणून या वेळी कागदांचीच पत्रं आधी घेतली आहेत.

मी बारावी विज्ञानला आहे, इतर मागासवर्गातली आहे. सीईटी देऊन इंजिनीअरिंगला जायचं आहे. जातीचा दाखला आहे. बाकी कागद निकालानंतर काढले तर चालतील का? – विद्यार्थिनी, बार्शी

नाही चालणार. तुझ्याकडे जातीचा दाखला आहे, पण राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचं) आणि नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं) हे दोन्ही लागतात.

आधी वैधता. तिचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायचा. सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून कॉलेज सुरू असतानाच ते घे. मे महिन्यात प्राचार्य भेटत नाहीत. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा जुन्या पुराव्यावर. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला कागद हवा असतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे.) आजोबा, चुलत आजोबा किंवा आत्याआजी ज्या शाळेत शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात भक्कम. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. वडील, काका, आत्या किंवा सख्खं भावंड यांपैकी कोणाची वैधता आधी झाली असेल, तर तिची प्रत आणि वंशावळ जोडली की काम बरंच सोपं होतं.

नॉन-क्रिमीलेअरमध्ये तारखेची मेख आहे. ज्या वर्षी प्रवेश घेशील, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. जानेवारीत घाईने काढलेलं एका वर्षाचं प्रमाणपत्र त्याच मार्चला संपतं आणि जूनमध्ये निरुपयोगी ठरतं. वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा असेल तर तीन वर्षांचं माग. नसेल तर १ एप्रिलनंतर लगेच अर्ज कर. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयातून येतं. हा क्रम मोडला की अर्ज परत येतो. जेईईमार्फत आयआयटी-एनआयटीलाही अर्ज करणार असशील तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

अर्जाची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश अनेकदा देतात. पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र पोचलं नाही तर तुझा अर्ज खुल्या गटात जातो. पावतीवर विसंबून राहू नकोस.

शेवटचं, पण आजच करायचं. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला समोर ठेव आणि नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, इंग्रजी स्पेलिंग. फरक असेल तर आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घे, तेच सगळ्यात सोपं. चूक कॉलेजच्या नोंदीत असेल तर कॉलेज सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधी दुरुस्त कर. एकदा कॉलेज सोडलं की ती दुरुस्ती फार किचकट होते.

ऑप्शन फॉर्म भरताना 'मिळण्यासारखं' कॉलेज वर टाकावं, नाही तर सगळंच हातचं जाईल, असं नातेवाईक सांगतात. खरं आहे का? – एक वडील, सांगली

खरं नाही, आणि या सल्ल्याने दर वर्षी चांगल्या जागा हातच्या जातात. ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी; संगणक तुमच्या मुलाची ही यादी वरून खाली वाचतो. पहिल्या पसंतीला त्याचा गुणानुक्रम पुरत नसेल तर दुसरी पाहतो, मग तिसरी. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालच्या कॉलेजवरचा हक्क जराही कमी होत नाही.

उलट धोका 'मिळण्यासारखं' वर टाकण्यात आहे. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचे दरवाजे बंद होतात. २०२५-२६ च्या इंजिनीअरिंग प्रवेशात तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा आणि फेऱ्या घेणारा राज्याचा कक्ष) संकेतस्थळावरून उतरवून ते पान नीट वाचा. तत्त्व मात्र एकच: जिथे मनापासून जायचं तेच वर, आणि जिथे मिळालं तरी जाणार नाही ते यादीतच नको.

गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहताना एक चूक फार होते. एकाच शाखेसमोर बरेच आकडे असतात आणि पालक त्यातला सगळ्यात खालचा धरून बसतात. जागेच्या संकेताचं पहिलं अक्षर एल असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. शेवटचं अक्षर एच असेल तर आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्यांसाठी, ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. सांगलीचा मुलगा पुण्यातल्या कॉलेजच्या एच रकान्यातला आकडा पाहून खूश होतो, पण ती जागा त्याच्यासाठी नसतेच. आपल्या प्रवर्गाचा आणि आपल्या प्रकारचा आकडा शोधा, तोही तिन्ही-चारही फेऱ्यांचा.

मुलींचं शिक्षण मोफत झालं म्हणतात. मग आम्ही पैशांची सोय करायची की नाही? – एक आई, उदगीर

करायची. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गात येतात, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, प्रवास हे सगळं तुमच्याकडेच.

प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावाच लागतो, आणि दर वर्षी नव्याने. लेकीचं बँक खातं लहानपणी काढलेलं असेल तर १८ पूर्ण होताच बँकेत जाऊन तिच्या सहीचं करून घ्या. खातं आधारला नुसतं जोडलेलं असून भागत नाही. सरकारी पैसे थेट येण्यासाठी तेच खातं निवडलेलं आहे ना, हे बँकेला स्पष्ट विचारा. दोन बँकांत खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात आणि मूल म्हणतं शिष्यवृत्ती आलीच नाही. आणखी एक: बारावीपर्यंत एसटीचा जो मोफत पास होता तो आता संपतो. कॉलेजच्या शिक्क्याने विद्यार्थी सवलतीचा मासिक पास निघतो, त्याचे पैसे महिन्याच्या हिशेबात धरा.

बीए-बीएस्सीच्या फॉर्मवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी असे पंधरा रकाने आहेत. काहीही टिकमार्क केलं तर चालेल का? – विद्यार्थी, अकोला

दोन रकाने विचार करून भर, बाकीच्यांत फार अडकू नकोस.

मेजर म्हणजे ज्या विषयात पदवी मिळणार तो. पुढे एमए-एमएस्सी किंवा बीएड कशात करायचं हे यावरच ठरतं. दुसरा मायनर, म्हणजे जोडविषय: तो मेजरला धरून घे. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र, मराठीला इतिहास. वेळापत्रकात दोघांचे तास एकमेकांवर येत नाहीत ना, हे ऑफिसमध्ये नाही, विभागप्रमुखांना विचार. ओई, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला असतो, तिथे मनाला आवडेल ते घे.

हिशेब क्रेडिटचा (श्रेयांकांचा) आहे. सत्राला साधारण २२, तीन वर्षांना १३२. लेखी विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकात ३० तास. मुलं सीसी (सहअभ्यासक्रम) नावाच्या रकान्यामुळेही अडकतात. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक कामं त्यात येतात. हजेरी आणि अहवाल दिला नाही तर ते क्रेडिट कोरं राहतं आणि तिसऱ्या वर्षी पदवी तेवढ्यावर अडते. जून-जुलैतच एनएसएसमध्ये नाव घाल, नंतर जागा भरतात.

क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी (क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) काढावा लागतो. डिजिलॉकरमधून तो मिळतो, पण तिथलं नाव आधारप्रमाणे येतं. वर बार्शीच्या मुलीला जे सांगितलं ते तुलाही लागू.

बारावी कॉमर्स मराठीतून केलं, ७८ टक्के आहेत. बीकॉम इंग्रजीतून घेतलंय. पहिल्याच तासाला काही कळलं नाही तर? – विद्यार्थिनी, चाळीसगाव

विषय तुला येतो, शब्द नवे आहेत. आणि हे शब्द मोजके आहेत. किर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. बारावीच्या बुककीपिंगचं पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. तास सुरू होण्याआधी दोन्ही शेजारी उघड. जे उदाहरण तू मराठीत सोडवलं आहेस, तेच इंग्रजी पुस्तक पाहून पुन्हा मांड, दिवसाला दोन. आकडे तेच, उत्तर तेच. शीर्षकं आणि नोंदीखालचं स्पष्टीकरण तेवढं इंग्रजीत लिहायचं. तास सुरू होईपर्यंत हात बसतो.

वर्गात वहीच्या डाव्या बाजूला तीन बोटं जागा सोड. सरांचं वाक्य पूर्ण उतरवत बसू नकोस, तिथेच मुलं मागे पडतात. न कळलेला शब्द ऐकू आला तसा, हवं तर देवनागरीतच, त्या जागेत लिही आणि पुढे ऐकत राहा. संध्याकाळी त्या जागेतल्या शब्दांचे अर्थ शोध. काही आठवड्यांत ही जागा रिकामी राहू लागते.

सगळ्यात अवघड जातो तो अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पेपर, कारण तिथे आकड्यांचा आधार नाही. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन दर रविवारी एक उत्तर इंग्रजीत लिहून प्राध्यापकांना दाखव. परीक्षा मराठीतून लिहिता येते का, हेही विद्यापीठाच्या नियमांत पाहून घे. बऱ्याच ठिकाणी तशी मुभा असते.

मुलगा पहिल्यांदाच घराबाहेर, पुण्यात राहणार. सोबत काय द्यावं? रॅगिंगचीही भीती वाटते. – एक आई, सिन्नर

सामान कमी द्या, पुण्यात सगळं मिळतं. दोन चादरी, पातळ रजई, बादली-मग, दोन कुलुपं (एक कपाटाला, एक बॅगेला), एक्स्टेन्शन बोर्ड, नेहमीची औषधं आणि त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. सगळ्या कागदांच्या पाच-पाच प्रती आणि मोबाइलवर स्कॅन, आणि बारा-पंधरा पासपोर्ट फोटो. मूळ गुणपत्रिका आणि जातीचे कागद कॉलेजने पाहून परत द्यायचे असतात, ते तिथे ठेवून येऊ नका.

खोली भाड्याने घेणार असाल तर अनामत किती, सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि अनामतीतून काय कापणार, एवढं लिहून घ्या. मेस वर्षाची एकदम लावू नका. एका महिन्याची लावा, जेवण मानवतंय का बघा. जाण्याआधी दोन महिने घरी त्याच्याकडून कपडे धुवून घ्या, कुकर लावून घ्या, महिन्याचा खर्च लिहून घ्या. पैसे महिन्याचे एकदम न देता पंधरा दिवसांनी पाठवा. पहिल्या महिन्यात दहा तारखेला खिसा रिकामा होणं सगळ्यांचंच होतं.

रॅगिंग महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. नंबर मुलाच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्या. 'सिनिअरांची गंमत' म्हणून सहन करत बसायचं नाही, हे त्याला जाण्याआधीच सांगा. झोप उडाली, जेवण सुटलं, घरी यायची सतत ओढ लागली, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे; तिथे मराठीत बोलता येतं.

पदवीला प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे नंबर लागला, तर भरलेली फी बुडते का? – विद्यार्थी, वाई

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलास तर पूर्ण फी परत, फक्त ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापतात. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. एखाद्या वर्षी यूजीसी यात वेगळी सवलतही देते, ती सूचना पाहून घे. सीईटी सेलच्या फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात, ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत मिळतील. रद्द करण्याचा अर्ज तोंडी नको. ईमेल कर आणि कागदी अर्जावर आवक क्रमांक घे. अर्ज दिल्याच्या तारखेवरूनच किती टक्के परत मिळणार ते ठरतं.