गाडीचा स्टँड वाजेपर्यंत

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, सांगलीत गावभागात जुनं घर, दोन वर्षांमागं वाटणी झाली, मधे भिंत आली आणि धाकट्या भावाशी बोलणं बंद. तेव्हापासून पित्त, छातीत जळजळ, झोप नाही, बीपीची गोळी सुरू. मिरजेला जाऊन ईसीजी, एंडोस्कोपी सगळं केलं, रिपोर्ट नॉर्मल. आता विचारताय पुण्याचा डॉक्टर बघू का.

बघा की, कोण नको म्हणतंय. पण तुमच्याच पत्रात एक तक्रार आहे, की धाकटा भाऊ रात्री साडेदहाला येतो, गाडीचा स्टँड मुद्दाम आपटतो आणि माझी झोपमोड होते. आणि लगेच पुढं, मागच्या आठवड्यात साडेअकरा झाले तरी आला नाही म्हणून मी दोनदा गॅलरीत जाऊन बघून आलो. अहो मग स्टँडनं झोप मोडत नाहीये, तो वाजेपर्यंत तुम्हाला झोप लागत नाहीये!

मनात सारखी धुसफूस असली की शरीर पहाऱ्यावर बसतं, ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, धडधडतं, बीपी चढतं. समोर वाघ आला तर हे कामाचंच आहे, वाघ गेला की उतरतं पण. तुमचा वाघ भिंतीपलीकडंच राहतोय आणि रोज साडेदहाला घरी येतोय, उतरणार कधी? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक १९३८ पासून काही माणसांच्या तब्येतीचा माग ठेवतायत, त्यात पन्नाशीला ज्यांची नाती बरी होती तीच ऐंशीला जास्त धडधाकट निघाली. तुम्ही ४८ वर्षांचे ना?

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा दोघांनी आईला खुर्चीत बसवून माडीवर चढवलं, हेही तुम्हीच लिहिलंय. खोल्या वाटल्या, ते कुणाच्या वाट्याला आलं मग?

पाव्हण्यांची बैठक अजिबात बोलावू नका, चार लोक जमले की जुनी खातेवही उघडतेच (आमच्याकडं पाटल्यांवरून झालंय हे, दोन वर्षं गेली). माफी, जिन्याचा वाद, मोजणी यातलं काहीच काढू नका, ते वकिलाकडं राहू दे. वहिनी काय म्हणतील तेही नंतर बघू. एखाद्या रात्री स्टँड वाजला की गॅलरीतून एवढंच विचारा, "आज उशीर झाला रे?" तो उत्तर देईल नाहीतर दार लावून घेईल, लावलं तर लावू दे, आठवड्यानं परत विचारा.

बीपीची गोळी मनानं बंद करू नका. झोप तरीही येत नसेल, मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि रात्री नऊचा तो चहा कशाला पिताय ओ, पित्त होणारच.